शिंपीकाकांचं नाव कुठे गेलं?

मित्रांनो, माझं वय झालं आहे, तरी स्वस्थ बसणं मला आजही जमत नाही. संगणकाच्या काळ्या पडद्यावर एक पांढरी रेघ सारखी लुकलुकत असते ना, तिच्यामागे मी असतो. मला डीबगर म्हणतात. मला रंगीत चित्रं नाहीत, बटणं नाहीत. कुणी हुकूम टाईप करायचा आणि मी तो पाळायचा, एवढाच माझा संसार.

स्क्रिप्ट म्हणजे संगणकाला लिहून दिलेली कामांची चिठ्ठी: आधी हे कर, मग ते कर. संगणक ती एका दमात वाचत सुटतो. चिठ्ठी चुकली असेल तर चुकीचं कामही तो तितक्याच निष्ठेने करतो. त्याची बाही धरून त्याला मध्येच उभं करणं हे माझं काम. 'या ओळीवर थांब', 'आता एकच ओळ पुढे जा', 'तुझ्या हातात आत्ता काय आहे ते दाखव'. चूक कुठे आहे ते मला स्वतःला कळत नाही, बरं का. बघणारे डोळे माणसाचेच लागतात.

मला घडवणारा एका कॉलेजातला प्रयोगशाळेचा मास्तर होता. एक चूक सापडेना म्हणून तीन दिवस तो जेवताखाता पुटपुटत फिरला. चौथ्या दिवशी म्हणाला, "या कार्ट्याला चालता चालता पकडायला हवं," आणि मला लिहायला बसला. पुढे मी या संगणकावरून त्या संगणकावर गेलो. लोक माझी वाहवा करायचे. मग दिवस पालटले. घाईची माणसं आली. ती स्क्रिप्टमध्ये जागोजागी 'इथवर आलो', 'इथेही आलो' असं छापायला लावायची आणि अंदाजाने दुरुस्त्या करायची. मी कोपऱ्यात पडून राहिलो. हाक येईल म्हणून कान टवकारायचे आणि हाक काही यायची नाही. रिकाम्या माणसाला झोप लागते म्हणतात. मला ती कधी लागली नाही.

असाच मी एका डायलिसिस केंद्रातल्या संगणकात पडून होतो. ज्यांची मूत्रपिंडं थकली आहेत त्यांचं रक्त तिथे यंत्रातून शुद्ध करतात. अकरा यंत्रं आणि साठ-पासष्ट रुग्ण. चादरींचं कपाट आणि पाण्याच्या पंपाची खोली यांच्यामध्ये एक टेबल होतं. तिथे बसणाऱ्या बाईंना सगळे यादीताई म्हणत, कारण उद्या कोण, किती वाजता, कुठल्या यंत्रावर, ही यादी त्यांनी लिहिलेली स्क्रिप्ट रोज चार वाजता काढायची. सिस्टर ती यादी हातात घेऊन एकेकाला फोन करायच्या.

एकदा दोन यंत्रं बिघडली. रुग्णांच्या वेळा बदलाव्या लागल्या. "फोन आल्याशिवाय निघू नका," असं सगळ्यांना सांगितलं गेलं. बदललेल्या वेळा सिस्टर संगणकात घालायच्या आणि ती नावं यादीच्या शेवटी यायची.

आणि नावं गळायला लागली. रोज नाही, मधूनच. गळायची तीही फक्त सिस्टरनी वेळ बदललेली.

शिंपीकाकांचं नाव असंच गळलं. म्हातारा माणूस कपडे करून फोनची वाट बघत घरी बसला. दुसऱ्या दिवशी त्यांना धाप लागली, पाय सुजले. स्ट्रेचरवरून आणलं तेव्हा बोलवतही नव्हतं. त्यांना सात नंबरच्या यंत्रावर घेतलं आणि ते वाचले, पण त्यांच्या मुलीने केंद्र डोक्यावर घेतलं. "बाबा म्हणत होते, केंद्रातली माणसं विसरायची नाहीत, फोन येईलच! तुमच्यावर भरवसा ठेवला हेच चुकलं!"

मोठ्या डॉक्टरांनी सिस्टरना टेबलापाशीच गाठलं. "बदल तुम्हीच घालता ना? आज संध्याकाळपर्यंत लेखी खुलासा हवा."

"सर, मी नाव घातलं होतं." सिस्टर थांबल्या. "म्हणजे, घातलं होतं असंच वाटतंय मला."

ते 'वाटतंय' मला टोचलं. वीस वर्षं काम केलेल्या बाईचा आपल्याच हातांवरचा विश्वास उडत चालला होता.

यादीताई टेबलावर बोटं वाजवत होत्या. त्यांनी स्क्रिप्ट चालवून पाहिली. उद्याच्या यादीत एकाचीच वेळ बदललेली होती. यादी बिनचूक आली. "चालतंय की!" त्या म्हणाल्या, पण खुर्चीत टिकेनात. खिडकीपाशी गेल्या, परत आल्या. मग त्यांनी त्या वाईट दिवसाची माहिती शोधून काढली. सिस्टरनी घातलेले बदल तिथे होते. शेवटची तीन नावं, त्यांत तिसरं शिंपीकाकांचं. छापलेल्या यादीत मात्र त्या तिघांतलं पहिलंच आलेलं.

अडीच वाजले होते. आणि मला हाक आली.

'थांब', 'दाखव'. मी दाखवत गेलो. एक नाव वाचलं, यादीत लिहिलं. दुसरं वाचलं, लिहिलं. सगळं सुरळीत. बदललेल्या वेळेचं पहिलं नाव आलं. त्यासाठी एक जादा ओळ होती: खालच्या मजल्यावर डॉक्टरांच्या संगणकाला निरोप पाठवायची. ताईंनी एक पाऊल पुढे टाकलं. निरोप गेला. अजून एक पाऊल. 'पुढचं नाव दाखव.'

माझ्याकडे दाखवायला नाव नव्हतं.

ताई पुढे झुकल्या. पुन्हा पहिल्यापासून चालल्या. तेच. त्या निरोप्याला एक खोड होती: समोर वाचण्यासारखं जे उरलं असेल ते सगळं तो गोळा करून घेऊन जायचा. उरलेली दोन्ही नावं त्याच्या झोळीत गेली होती. म्हणून एकच बदल असला की काही बिघडायचं नाही. दोन झाले की मागचे गायब!

निरोपाची ती ओळ तीन आठवड्यांपूर्वी लिहिलेली होती. लिहिणाऱ्याचं नाव वर होतं. यादीताईंचंच.

दुरुस्ती चिमूटभर होती. ओळीच्या शेवटी तीन शब्द: 'समोरचं वाचू नकोस.' त्यांनी ते लिहिले आणि तिन्ही नावं यादीत आली. मग त्या नुसत्याच बसून राहिल्या. पंप धडधडत होता. त्या गप्प बसल्या असत्या तर कुणाला कळलं असतं? मला. पण विचारल्याशिवाय मला बोलता येत नाही. मी नुसता लुकलुकत होतो.

खुर्ची कर्रकन मागे सरकली. ताई गेल्या आणि सिस्टरना, मोठ्या डॉक्टरांना घेऊनच आल्या. केलेली दुरुस्ती त्यांनी काढून टाकली आणि मला पुन्हा चालवलं.

"हे बघा, सर. इथपर्यंत तिन्ही नावं आहेत. आता ही ओळ. मी लिहिलेली." त्यांनी कळ दाबली. "गेली."

डॉक्टर पडद्याजवळ वाकले.

"म्हणजे मी नाव घातलं होतं," सिस्टर म्हणाल्या.

"घातलं होतं, सिस्टर. तिन्ही घातली होती."

सिस्टर चादरींच्या कपाटाला टेकल्या. "नावं गळायला लागल्यापासून मी अर्ध्या रस्त्यातून घरी परत जाते, गॅस बंद केला का बघायला. बंदच असतो हो रोज."

डॉक्टर हळूच म्हणाले, "न बघताच बोललो मी. खुलासा नको." ताई म्हणाल्या, "नको कसा, सर? तो मी लिहिते."

मग त्या सात नंबरकडे गेल्या. काकांनी ऐकून मान हलवली. मुलगी उशी नीट करत राहिली. ताईंनी हे परत येऊन सिस्टरना सांगितलं, दुरुस्ती पुन्हा घातली आणि त्या खुलासा लिहायला बसल्या.

मित्रांनो, एखादं माणूस 'मी केलं होतं' असं म्हणत असेल, तर बोट रोखण्याआधी त्याच्याबरोबर एकेक ओळ चालून बघा. वाटेत आपलीच ओळ सापडली तर ती मोठ्याने वाचा. संगणकाला उभं करायचा हुकूम माझ्याजवळ आहे, पण घाईतल्या माणसाला उभं करायचा नाही. तो तुमच्याजवळ आहे, आणि तो वापरायला कुणीतरी विसरेल या धास्तीने मी आजही लुकलुकतो आहे.