राखेचे ढापे

स्वतःच्या हुशारीवर माझा भारी विश्वास होता. २००३ साली जाम गावाजवळच्या एका खेड्यात नाली झाकायचे काँक्रीटचे ढापे करायचं काम माझ्याकडं आलं, आणि मी सरपंचांना, प्रभाकररावांना, छातीठोकपणे सांगितलं की सिमेंट एक तृतीयांश कमी करू आणि त्या जागी वीज केंद्राची राख घालू. ढिगानं पडून असलेली राख कामी येईल, सिमेंट भाजायला लागणारा कोळसाही वाचेल. लोक हसले. "चुलीतली राख घालून राह्यले का जी साहेब?" मला राग आला. या गावाला शहाणं करायचंच, असं मी ठरवलं.

राखेचं काँक्रीट सावकाश पकतं. ढाप्यांवर ओली पोती टाकून निदान अठ्ठावीस दिवस थांबावं लागतं, हे मला पाठ होतं. पाणी मारायला रुख्माबाई होती. एकटी बाई, मजुरीवर जगणारी. पोती सुकू द्यायची नाहीत, असं मी तिला बजावलं होतं.

आठव्या दिवशी प्रभाकरराव पाहुण्यांना घेऊन आले. "दाखवा ना जी साहेब तुमची राख." अजून वेळ आहे, एवढंच मी म्हणायला हवं होतं. पण मी चेकाळलो. एक ढापा नालीवर ठेवला आणि ट्रॅक्टर बोलावला. चाक चढलं आणि ढापा मधोमध तुटला. पाहुण्यांसकट सगळे हसले.

आणि मी, डिप्लोमावाला, काय बोललो? "पाणी बरोबर मारलेलं दिसत नाही."

सगळ्यांच्या माना रुख्माबाईकडं वळल्या. "रोज मारलं साहेब," ती म्हणाली. मग चाचरली. "इतवारी थोडा उशीर झालता..."

"बघा!" मी म्हणालो. तिच्या खरेपणाचाच मी आडोसा केला. प्रभाकररावांनी तिला तिथंच कामावरून काढलं आणि मी ट्रॅक्टरकडं पाहत राहिलो. आजही हे लिहिताना माझे कान तापतात.

पाण्यावाचून वाया गेले असणार म्हणून दीड महिन्यानं उरलेले ढापे फोडून टाकायला मी पुन्हा गावात गेलो. भर चैत्राचं ऊन, ढापे ओतले होते ती शाळेमागची जमीन भेगाळलेली, आणि ढाप्यांवरची पोती मात्र ओलीचिंब. रुख्माबाई हँडपंपावरून घागर घेऊन येत होती.

"तुम्हाला कुणी सांगितलं हे?"

"कोनी नाई. त्या इतवारी माह्या हातून चूक झाली. गाव तुमाले हासलं. म्हटलं, बाकीचे ढापे तरी वाचवाव." तिनं घागर ओतली. "तसंबी मले आता कोनी कामाले बलावत नाई."

खरं सांगायची हीच वेळ होती. पण आधी ढापे तपासू, मग बोलू, अशी मी स्वतःचीच समजूत घातली. भित्र्या माणसाला कारणं चटकन सुचतात.

गावासमोर एक ढापा नालीवर ठेवला. त्यावरून ट्रॅक्टर गेला. मग विटांनी भरलेली ट्रॉली गेली. ढाप्याला केसाएवढीही चीर पडली नाही. प्रभाकररावांनी हार मागवला, पेढे आणवले. गळ्यात हार पडल्यावर मात्र मला राहवलं नाही. "रुख्माबाईंची काही चूक नव्हती," मी मोठ्यानं म्हणालो. "तो ढापा माझ्या घाईनं तुटला. दोष मी त्यांच्यावर ढकलला."

प्रभाकररावांनी माझ्या पाठीवर थाप मारली. "पाहा! बाईची चूक साहेब आपल्या अंगावर घेऊन राह्यले. याले म्हंतेत मोठं मन!" लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी पुन्हा बोलायला तोंड उघडलं, तर कुणीतरी त्यात पेढा कोंबला.

गर्दीतून रुख्माबाई पुढं आली. तिचे डोळे भरले होते. "माह्यासाठी इतकं कोनी नाई केलं साहेब," असं म्हणत ती माझ्या पाया पडायला वाकली.

तोंडातला पेढा मी गिळला.