हिरवा आठ

मित्रांनो, फुटबॉलच्या सामन्यात खेळाडू बदलताना पंच डोक्यावर उंच धरतात ना, तो दिव्यांच्या आकड्यांचा फलक मी. जपानच्या उत्तरेकडच्या एका बंदराच्या गावात, मैदानाच्या कोठीत, आता फाटक्या जाळ्यांना टेकून उभा असतो. लाल आकडा लागला की बाहेर यायचे, हिरवा लागला की आत जायचे. एवढीच माझी बोली.

कारखान्यातून आलो त्या दिवशी माझे सगळे दिवे एकदम लावून पाहिले. सगळे दिवे लागले की आठ दिसतो. शेजारी उभा असलेला वीस वर्षांचा मिझोबे हसून म्हणाला, "अरे, हा तर माझाच आकडा!" मधल्या फळीतला खेळाडू तो, पाठीवर आठ.

मधल्या फळीतल्या माणसाचा घाम आपला, गोल दुसऱ्याचा. चेंडू पायाशी आला की मिझोबे क्षणभर मान वर करी आणि धावत्या सोबत्याच्या पुढ्यात तो अलगद ठेवी. सतरा वर्षांत त्याने स्वतः गोल केले अकरा. करून दिलेले कोणी मोजले नाहीत. आत जाताना तो गवताला वाकून नमस्कार करी, बाहेर येतानाही. मग माझ्याकडे पाहून म्हणे, "काय रे, मी दमलो की लगेच चुगली करतोस होय?" पंचांनाही हसू फुटे.

मग गुडघा गेला. दोन शस्त्रक्रिया झाल्या, चार वर्षे सरली. इतरांचे आकडे लागत राहिले. त्याचा आठ उरला फक्त तपासणीपुरता.

शेवटी त्याने निवृत्ती जाहीर केली. हंगामाचा अखेरचा सामना घरच्याच मैदानावर होता. त्याची पाच वर्षांची मुलगी चिगुसा राखीव खेळाडूंच्या बाकामागे पहिल्या रांगेत बसली होती. हातात खेळाडूंना प्रोत्साहन द्यायला हलवतात तो कागदी पंखा, त्यावर वाकडातिकडा आठ. बाबाला खेळताना तिने कधी पाहिलेच नव्हते.

"बाबा, कधी जाणार?"

"सगळ्यात शेवटी."

"शेवटी म्हणजे कधी?"

"हिरवा आठ लागला की."

आपला संघ एका गोलने पुढे होता. जिंकला तर वाचणार, नाहीतर खालच्या गटात घसरणार. दहा मिनिटे उरली होती आणि बदलाची एकच संधी. प्रशिक्षक तोदोरोकी म्हणाले, "मिझोबे, कोट काढ."

पंचांनी कळ दाबली. लाल सतरा, हिरवा आठ. चार वर्षांनी! मी अजून त्यांच्या कमरेशीच होतो, तोंड प्रेक्षकांकडे. आता उचलतील, आता उचलतील...

तेवढ्यात बचाव फळीतला नागाइके कोसळला. उठेचना. तोदोरोकी मिझोबेकडे पाहत राहिले.

राखीव बचावपटू कुजी बाकावरून म्हणाला, "दादा, मी नाही जाणार. आज तुमचा दिवस आहे."

"वेडा आहेस का? मागे भगदाड पडलंय तिथं! ऊठ, लेस बांध." मिझोबे पंचांकडे वळला. "साहेब, आठ काढा."

आणि मी विझलो. मित्रांनो, आयुष्यभर किती आकडे विझवले, पण असा अंधार माझ्या पोटात कधी झाला नव्हता.

मिझोबेने कुजीच्या पाठीवर तळहात ठेवला आणि त्याला अलगद गवतावर ढकलले. चेंडू द्यायचा ना, अगदी तसेच.

संघ वाचला. सगळे नाचू लागले. सोबती त्याला आत ओढू लागले, तर म्हणाला, "नको रे. आत जायचं ते खेळायला." रेषेबाहेरूनच तो गवताला वाकला. बराच वेळ वर आला नाही.

मग चिगुसापुढे गुडघे टेकून म्हणाला, "बाबाला नाही जमलं गं."

"पण लागला होता ना!" ती म्हणाली. "मी पाहिला. हिरवा होता."

तिच्या जाड कोटात तोंड खुपसून तो रडला.

आता माझा एक हिरवा दिवा गेला आहे. आठ पुरता लागत नाही, म्हणून मला भंगारात देणार आहेत. देऊ देत. तुमच्याकडे माझे मागणे एवढेच. खेळ म्हटला की आकडे बदलणारच. पण जो मुकाट्याने आपली जागा सोडून देतो, त्याच्याकडे एकदा तरी वळून पाहा. तो हिरवा आठ मी उंचावर दाखवू शकलो नाही, मित्रांनो. पण तो लागला होता, हे विसरू नका.