गाळणीमावशी

"मावशी, तुमची वाटी माहेरी परत आली," असं म्हणत वॉर्डातल्या मामांनी भरलेली वाटी ओट्यावर ठेवली. "चमचासुद्धा लागू दिला नाही म्हाताऱ्याने. तोंड मिटून नुसता भिंतीकडे बघतोय."

हॉस्पिटलच्या स्वयंपाकघरात तिला सगळे गाळणीमावशी म्हणत. बाकीचे आचारी परतायचे, तळायचे, भाजायचे. हिच्याकडे एकच काम. ज्यांना गिळता येत नाही त्यांच्यासाठी सगळं मऊ शिजवायचं, वाटायचं, गाळणीतून काढायचं. एक गुठळी राहिली तरी घास भलतीकडे जाऊन माणूस गुदमरायचा, म्हणून ती प्रत्येक घाणा बोटांत चोळून बघे. घरी नवरा चिडवायचा, "सुगरण म्हणून करून आणली, आणि निघाली गिरणी!" ती हसून म्हणायची, "गिरणीचंच खाताय ना इतकी वर्षं?" आपल्या कामाची तिला लाज नव्हती.

पण वाटी परत आली की तिच्या जिवाला चैन पडत नसे. गाळलेल्या हिरव्या वाटाण्याची ती वाटी गरम करून ती स्वतःच वर निघाली.

वॉर्डाच्या दारात म्हाताऱ्याची मुलगी उभी होती. रडून रडून तिचे डोळे सुजले होते. "डॉक्टर म्हणतात, आज पोटात काही गेलं नाही तर उद्या नाकातून नळी घालावी लागेल. बाबांना ते सहन व्हायचं नाही हो, मावशी."

मावशी खाटेजवळ बसली. अर्धांगाच्या झटक्याने म्हाताऱ्याचा उजवा हात लुळा पडला होता, जीभ जड झाली होती. डोळे मात्र निखाऱ्यासारखे. मावशीने चमचा भरला आणि सवयीने लाडीगोडी सुरू केली. "एवढा एकच घास हं. शहाणे ना तुम्ही? आ करा बघू..."

म्हाताऱ्याने डाव्या हाताने वाटी उडवली. वाटाणा मावशीच्या पदरावर, पलंगाच्या दांडीवर, जमिनीवर.

"माफ करा, मावशी," मुलगी फडक्याने पुसता पुसता म्हणाली. "असे नव्हते हो ते. मोठ्या हॉटेलात मुख्य आचारी होते. शंभर-शंभर माणसांचं रांधायचे, पण नाकावर माशी बसू द्यायचे नाहीत."

मावशीने कपाळावर हात मारून घेतला. आचारी! आणि आपण त्याच्यापुढे चिऊ-काऊचा घास नाचवत बसलो! एकवेळ आचारी उपाशी राहील, पण चव बघायला कधी नाही म्हणायचा नाही, हे तिला कोणी शिकवायला नको होतं. ती तडक खाली गेली आणि नवी वाटी भरून आली. या खेपेला तिने चमचा भरला नाही. नुसता दांडा त्याच्या डाव्या हाताकडे केला.

"जेवायला नाही आणलं," ती तुटकपणे म्हणाली. "खाली अख्ख्या वॉर्डाचं भांडं उतरवलंय. पाठवू की नको, तेवढं सांगा. मला वेळ नाही."

म्हाताऱ्याने तिच्याकडे पाहिलं. मग वाटीकडे. मावशीने उशा सारख्या करून त्याला ताठ बसवलं आणि हात पदराखाली धरून ठेवले, मदतीला जातील या भीतीने. चमचा सावकाश वर गेला. गळ्याची घाटी खालीवर झाली.

"झा... झाकण," तो म्हणाला.

"काय?"

"झाकण ठेवून... शिजवलंत. रंग मेला."

"झाकण नको तर काय, दिवसभर शिजवत बसू?"

त्याने दुसरा चमचा घेतला. खात्री करायला. "मीठ नाही."

"मीठ डॉक्टरांनी मोजून दिलंय. त्यांच्याशी भांडा."

तिसरा चमचा. डोळे मिटून, जिभेवर घोळवून. "मग लिंबू पिळा. उतरवल्यावर. आधी नाही." चौथा. "कोणी शिकवलं तुम्हाला? हा काय... स्वयंपाक आहे?"

मावशीला एकदम भरून आलं. तिच्या रांधण्याला आजवर कोणी नावं ठेवली नव्हती. ठेवणार कशी? नावं ठेवायची तर आधी त्याला स्वयंपाक मानावं लागतं. लोक ते औषधासारखं गिळायचे, आणि चांगली माणसं आभार मानायची. आज पहिल्यांदा कोणीतरी तिला आचाऱ्याने आचाऱ्याला झापावं तसं झापत होतं. तिच्या डोळ्यांत पाणी आणि ओठांवर हसू, दोन्ही एकदमच आलं.

"चुकलं, वस्ताद," ती म्हणाली. "अजून काय?"

अजून पुष्कळ होतं. बोलता बोलता तो दमत होता, थांबत होता, पुन्हा चमचा बुडवत होता. ती वाद घालत होती आणि प्रत्येक वेळी घाटी हलल्याशिवाय पुढचा प्रश्न विचारत नव्हती. शेवटी चमचा वाटीच्या तळाला खरवडल्याचा आवाज आला.

दाराशी उभ्या मुलीने तो ऐकला. "बाबा जेवले!" ती आनंदाने ओरडत आत धावली.

म्हाताऱ्याचा चेहरा कसनुसा झाला. मावशी झटकन मध्ये उभी राहिली.

"जेवले कुठे?" ती दरडावून म्हणाली. "चव बघत होते. कामाच्या वेळी मध्ये बोलू नये, बाई."