बाईंच्या वाटणीची भेट

चौघी मैत्रिणी एकाच गल्लीत राहायच्या. एक बालवर्गाच्या बाई, आता निवृत्त. दुसरी दवाखान्यातली सिस्टर. तिसरी चष्म्याच्या दुकानातली वहिनी. आणि चौथी कपडे शिवणारी. अंगानं काटकुळी आणि जिभेनं टोचणारी, म्हणून तिचं नाव पडलं टाचणी.

वर्षअखेरच्या सुट्टीत एकमेकींना भेट द्यायची, ही त्यांची बावीस वर्षांची रीत. पहिल्या वर्षी चौघींनीही बाजारात जाऊन सहा-सहा कपांचे संच आणले, तेही एकाच दुकानातले. हसून हसून पुरेवाट झाली. तेव्हा टाचणीनं फर्मान काढलं, "यापुढे विकतचं बंद. वस्तू स्वतःच्या वापरातली पाहिजे, आणि देताना हात जरा अडखळला पाहिजे. नाहीतर ती भेट कसली, अडगळ काढणं झालं."

मग दर वर्षी, सुट्टीच्या महिनाभर आधी, वहिनीच्या दुकानात चिठ्ठ्या उचलल्या जायच्या. कुणाला कुणाची चिठ्ठी आली हे सुट्टीच्या दिवसापर्यंत गुपित.

गेल्या सुट्टीत टाचणीनं बाईंना तिची मोठी कात्री दिली. काळ्या मुठीची, जड, तीस वर्षं हातात खेळलेली. बाईंना फार आनंद झाला. बाईंच्या घरी शनिवारी गल्लीतली मुलं चित्रं काढायला, चिकटकाम करायला जमत. त्यांच्या पसाऱ्यात ती कात्रीही दाखल झाली.

एका शनिवारी टाचणी बाईंचा पडदा शिवून घेऊन आली. एक चिमुरडी दोन्ही हातांनी ती कात्री धरून जाड पुठ्ठ्याचा तारा कापत होती. टाचणीनं कात्री हळूच काढून घेतली, पात्यावरून अंगठा फिरवला, आणि स्वतःच्या रुमालाच्या कडेवर चालवून पाहिली. रुमाल कापला गेला नाही, नुसता चावल्यासारखा झाला.

"या कात्रीनं कागद कापू दिलास?"

"अगं, मुलांना तारे हवे होते..."

"कापडाच्या कात्रीला कागद लावला की ती गेली, बाई."

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. तिनं पडदा खुर्चीवर ठेवला आणि ती निघून गेली.

इतकी वर्षं शिवणारीशी मैत्री, आणि एवढी साधी गोष्ट आपल्याला ठाऊक नसावी, हे बाईंच्या मनाला फार लागलं. त्यानंतर टाचणी भेटायची, बोलायची, पण कामापुरतं. टोचून बोलणं मात्र बंद झालं, आणि तेच बाईंना सगळ्यात जास्त टोचत होतं. मुलांना त्या जन्मभर सांगत आल्या होत्या की चुकलं तर लगेच येऊन सांगायचं, पोटात ठेवायचं नाही. स्वतःच्या पोटात मात्र त्यांनी ते आठ महिने ठेवलं. आज जाऊ, उद्या जाऊ, असं करत.

यंदा बाईंना टाचणीचीच चिठ्ठी आली. त्यांचा जीव भांड्यात पडला. त्यांच्या वेताच्या खुर्चीवर टाचणीचा कधीपासून डोळा होता. "तू मेलीस की ही माझी हं," असं ती दर वेळी बसताना बजावायची. बाईंनी खुर्ची नव्यानं विणून घेतली. खुर्ची द्यायची आणि तेव्हाच मनातलं बोलून टाकायचं, असं ठरवलं.

सुट्टीला बारा दिवस राहिले असताना टाचणी मशीनवर बसल्या बसल्या गेली. कुणाचीतरी बाही अर्धी जोडलेली होती.

सुट्टीच्या दिवशी तिघी वहिनीच्या दुकानात जमल्या. भेटी द्याव्यात की नाही, कुणालाच कळेना. शेवटी वहिनी म्हणाली, "नाही दिल्या तर ती वरून आपली खरडपट्टी काढेल." तिनं आपला पोचे पडलेला थर्मास सिस्टरपुढे ठेवला. सिस्टरनं नाडी मोजायचं आपलं जुनं घड्याळ वहिनीच्या हातावर ठेवलं.

बाईंपुढे काहीच आलं नाही.

"म्हणजे माझी चिठ्ठी टाचणीकडे होती," त्या म्हणाल्या.

सिस्टरनं मान खाली घातली. "आली मला होती. तिला वहिनीची आली होती. पायऱ्या उतरताना तिनं मला थांबवलं. म्हणाली, बाईची तुझ्याकडे असेल तर मला दे. मी म्हटलं, अगं, नियम मोडतेस. तर म्हणते, तू सुई टोचताना दुखणार नाही म्हणतेस, तेव्हा कुठे जातो गं तुझा नियम?"

वहिनीला हसू आलं आणि लगेच रडूही.

"का हवी होती तिला?" बाईंनी विचारलं.

"विचारलं मी. म्हणाली, ते माझं मी बघीन."

तिघी तशाच उठल्या आणि टाचणीच्या घरी गेल्या. सुनेनं दार उघडलं. मशीन गेलं होतं. जमिनीवर त्याच्या चार पायांचे डाग तेवढे दिसत होते. कपाटही रिकामं होतं.

"परवाच सगळं वाटून टाकलं," सून म्हणाली. "ज्याला जे उपयोगी पडेल ते. बघवत नव्हतं हो."

"माझ्या नावाचं काही होतं का गं त्यात?"

"नाव घातलेलं काहीच नव्हतं, मावशी." ती विचार करत राहिली. "पण एकदा आई कपाटापाशी उभ्या होत्या. काहीतरी बाहेर काढलं, परत ठेवलं, पुन्हा काढलं. मला म्हणाल्या, बाईला हे द्यावं का गं? मी भांडी घासत होते. मागे वळून पाहिलंच नाही. म्हटलं, द्या की."

"मग?"

"मग म्हणाल्या, बघू."

ती वस्तू आता कुठल्या घरात, कुणाच्या हातात असेल, आणि त्या माणसाला त्यातलं काही ठाऊकही नसेल.

"तुमच्यात काही झालं होतं का, मावशी?" सुनेनं हळूच विचारलं. "एवढ्यात तुमचं नाव निघालं की आई एकदम गप्प व्हायच्या."

सिस्टर आणि वहिनी बाईंकडे बघू लागल्या. त्यांनाही यातलं काही ठाऊक नव्हतं.

"झालं होतं," बाई म्हणाल्या. "माझं चुकलं होतं."

"सांगितलंत त्यांना?"

"नाही गं. राहिलं."

सुनेनं स्टूल पुढे ओढलं. बाई बसल्या, पदरानं डोळे पुसले, आणि जिला ऐकवायचं होतं ती सोडून बाकी तिघींना सगळं पहिल्यापासून सांगू लागल्या.