मानेवरची काजळी

काडतुसाच्या रिकाम्या पुंगळीच्या मानेवरून काळा ओघळ खाली गेला होता, एकाच अंगाला, पोर रडल्यावर काजळ गालावर उतरतं तसा. एमेट ह्रुश्काने ती पितळी पुंगळी अंगठ्याने पुसली. अंगठा काळा झाला.

तळघरातल्या बाकावर अशा पुष्कळ पडल्या होत्या, सकाळच्या नेमबाजीच्या सामन्यातल्या. झाडलेल्या पुंगळ्या गोळा करायच्या, त्यांत बंदुकीची नवी दारू भरायची, वर गोळी बसवायची... शाळेत होती तेव्हापासून नोरीन, त्याची लेक, त्याच्याच हातची काडतुसं वापरत आली. आज तिची रायफल दोनदा अडकली आणि कौंटीच्या संघातली तिची जागा गेली. आणि तो चारचौघांत म्हणाला,

"साफ कोण करणार हिची रायफल? आईवर गेलीय, भांडी उद्यावर टाकणारी!"

सगळे हसले. "चुकलंच हो बाबा," नोरीनही हसून म्हणाली.

पण पुंगळीबाहेरची ही काजळी आळसाने येत नाही. दारू कमी पडली की जोर कमी पडतो, पितळ फुगून नळीच्या भिंतीला घट्ट बसत नाही, धूर बाहेरून मागे सरकतो — आणि धुराच्याच जोरावर पुढचं काडतूस आत ओढणारी ती रायफल त्याच धुराने गुदमरते. हे त्यानेच नोरीनला शिकवलं होतं, याच स्टुलावर बसवून. मान बघ गं, आधी मान बघ.

दारू कमी भरली कोणी? मीच. दुसरं कोण येतं इथे? नोरीनची आई, फिलिस, गेली त्या हिवाळ्यापासून दारू तोलायच्या तराजूचा काटा दुहेरी दिसायला लागला... जास्त पडली तर रायफल पोरीच्या तोंडावर फुटायची, मग थोडी कमी, पुढच्या खेपेला आणखी थोडी. डोळ्यांचं त्याने कोणाला सांगितलं नाही. काळजी म्हणायचं त्याला, भीती म्हणायचं नाही.

मग आजवर हे दिसलं कसं नाही?

तो थबकला. आज निघायच्या घाईत पुंगळ्या त्याने स्वतः गवतातून वेचल्या होत्या. एरवी नोरीन आणून द्यायची... डबा भरून, लख्ख. किती टापटिपीची पोर, असं त्याला वाटायचं. म्हणजे ती पुसून आणत होती. एकेक मान पुसत होती, हरत होती, आळशी म्हणवून घेत होती.

त्याला रडू यायला हवं होतं. आला तो राग. तोंडावर म्हणाली असती, म्हातारे झालात, हात लावू नका, तर परवडलं असतं; दोन दिवस भांडलो असतो. ही दया कोणी मागितली होती? फिलिसच्या शेवटच्या आजारात तिच्याशी तो असाच गोड बोलायचा... आणि तीही अशीच चिडायची, तेव्हा त्याला कळलं नव्हतं.

"बाबा," जिन्याच्या वरून नोरीनची हाक आली, "पुढच्या रविवारची भरताय ना? मला दुकानातली नकोत हं!"

त्याने तराजूकडे पाहिलं. दोन काटे, एकमेकांशेजारी. खाली ये, जरा काटा बघ — एवढंच म्हणायचं होतं. शब्द जिभेवर आले, आणि त्यांच्या पाठोपाठ तिचं ते सकाळचं हसू आलं.

"भरतोय," तो ओरडला, आणि माना पुसायला कपाटातली चिंधी शोधायला लागला.