सात नंबरचं बूच

नव्वद दिवस मावशींनी बारा टबांत पाणी भरलं. प्रत्येक टबात बांबूच्या एका जातीची रोपं आणि मातीवर चार बोटं पाणी. उतरलं की बादलीनं पुन्हा भरायचं. रविवारीसुद्धा, कारण पुराला सुट्टी नसते, असं पुरात टिकणारा बांबू शोधणाऱ्या मॅडम म्हणायच्या. पुराला नसेल, मावशींच्या गुडघ्यांना हवी होती. दोन महिन्यांपूर्वी लेक बाळंत झाली होती, दोन दिवसांच्या वाटेवर. "नव्वद दिवस संपले की येते," असं तिला सांगून त्यांनी पिशवीही भरून ठेवली होती.

आज मुळं धुतली. बहुतेक काळी पडलेली, कुजका वास मारणारी. पाण्याखालच्या मातीत हवा उरत नाही, मुळांचा श्वास कोंडतो. दोन-तीन जातींनी मात्र वर, पाण्याच्या पातळीजवळ नवी पांढरी मुळं काढली होती, हवा खाली न्यायला आतून पोकळ. मॅडमनी मुळांचे तुकडे औषधात टाकले. जिवंत मूळ त्यात लाल होतं. सात नंबरची लालभडक झाली, अगदी खालची जुनीसुद्धा.

"मावशी, सापडली आपली जात," मॅडम म्हणाल्या. "नदीकाठी हीच लावायला सांगते."

सात नंबरची पानं सगळ्यांत आधी पिवळी पडली होती. मावशींना ते बघवलं नव्हतं. दर शनिवारी संध्याकाळी त्या टबाचं बूच काढायच्या आणि रविवारी सकाळी पुन्हा भरायच्या. गप्प राहिल्या असत्या तर कुणाला पत्ता लागला नसता, संध्याकाळची गाडीही मिळाली असती. पण नदीकाठी बूच काढायला कोण जाणार?

"मॅडम, सात नंबरला मी सुट्टी देत होते," त्या म्हणाल्या आणि सगळं सांगून टाकलं.

मॅडमनी औषधाची बशी बाजूला सारली. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

"एकट्या सातला भरून चालणार नाही," त्या म्हणाल्या. "बाराही पुन्हा, एकाच वेळी, नाहीतर तुलना होत नाही. नवी रोपं तयार आहेत, उद्यापासूनच लागू."

पाणी भरायला माणूस एकच होतं. दुपारी टब धुता धुता मावशींनी फोन खांद्यावर धरला.

"निघालीस का गं, आई?"

"नाही गं. अजून तीन महिने."

"तोवर बाळ बसायला लागेल."

"मागे उशी ठेवत जा मग," मावशी म्हणाल्या आणि सात नंबरचं बूच अंगठ्यानं घट्ट दाबून बसवलं.