भिमाबाईच्या नावाची खुर्ची

मी बोर्डिंग पास बोलतोय. विमानाचा. तोही असातसा नाही, पहिल्या वर्गाचा! थोडी ऐट मारतो, खपवून घ्या. आज माझा मुक्काम बीडच्या आष्टी तालुक्यातल्या एका वस्तीवर, भिमाबाई वाघमारे यांच्या पत्र्याच्या पेटीत आहे. खाली त्यांचं रेशनकार्ड, वर दूध संस्थेचं सभासदाचं पुस्तक आणि मधे मी. आमच्यासारख्या कागदाचं आयुष्य तीन-चार तासांचं. विमान उतरलं की केराची टोपली ठरलेली. मला मात्र नऊ वर्षं झाली, आणि अजून कुणी मला टाकायचं नाव काढत नाही.

माझा जन्म दुष्काळातला. २०१६ चा मे महिना, मुंबईचा विमानतळ. यंत्राच्या तोंडातून बाहेर पडलो तेव्हा अंग चांगलं गरम होतं. पाठोपाठ माझा भाऊ जन्मला. तो साध्या वर्गाचा, त्रेचाळिसाव्या रांगेचा, भिमाबाईंचे मालक शहादेव यांच्या नावाचा.

आता पहिला वर्ग या माणसांच्या वाट्याला आला कसा, ते सांगतो. ही गोष्ट मी नंतर शंभरदा ऐकलीय. त्यांची लेक मुक्ता दुबईला असते. शीतगृहांची यंत्रं बसवते. कामासाठी तिला सारखं उडावं लागतं, आणि जो जितका उडेल तितके मैल विमान कंपनी त्याच्या नावावर जमा करते. ते मैल दिले की साध्या तिकिटाचं वरच्या वर्गाचं तिकीट होतं. मुक्तानं आईबापाची दोन तिकिटं काढली आणि फोनवर हे सगळं आईला समजावलं.

"म्हंजी कारखाना दिवाळीला सभासदाला साखर देतो तसं," भिमाबाई म्हणाल्या.

"हां, अगदी तसंच."

"बावीस हंगाम कारखान्याचा ऊस तोडला गं, पर ती साखर सभासदाची. आमाला कोण देतंय? आता लेकीच्या पायी का व्हईना, घावली."

"पर माय, मैल एकाच खुर्चीपुरते हायेत."

"मग? एकच तर लागती."

मुक्ताला वाटलं, आईला समजलं. आईला वाटलं, मुक्ताला समजलं. घोटाळा इथंच झाला. ऊसतोडीत नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. नवरा तोडणार, बायको मोळी बांधून डोक्यावरून ट्रकवर चढवणार, आणि मुकादमाच्या वहीत नाव एकच, नवऱ्याचं. एक कोयता, राहायला पाचटाची एक कोपी, एक नाव. बावीस हंगाम असे काढलेल्या बाईला एक खुर्ची म्हणजे दोघांची जागा वाटली, यात तिचं काय चुकलं?

म्हणूनच आम्ही दोघे भाऊ काउंटरवर आलो तेव्हा भिमाबाई चक्रावल्या.

"अवं ताई, दोन कागदं कावून? आमी दोघं एकच कोयता हाय."

काउंटरवरची मुलगी मराठी होती, तरी तिला आधी काही उमगेना. उमगल्यावर तिनं गोडीनं सांगितलं, पुढची खुर्ची एकट्या भिमाबाईंची. काका मागे बसणार.

भिमाबाईंचा चेहरा उतरला. "मग ही खुर्ची ह्यांना द्या. माझ्या बदली मोळी घेऊन ट्रकच्या फळीवरून पडलेत ह्ये. गुडघा वळत न्हाई."

"नाव बदलता येत नाही, मावशी."

"मग मला बी मागंच बसवा. अर्धा कोयता मी कवा झाले न्हाई, आन् आज बी व्हनार न्हाई."

असं म्हणून त्यांनी मला काउंटरवर परत ठेवलं. माझा जीव खालीवर झाला. जन्मून पाच मिनिटं झाली नव्हती आणि रद्द व्हायची पाळी आली.

शहादेव पुढे झाले. त्यांनी मला उचललं, उलटसुलट करून पाहिलं. "ह्याच्यावर काय लिव्हलंय, पोरी?"

"वाघमारे भिमाबाई."

"माझं नाव?"

"नाही, काका."

"कुठंच न्हाई?"

"कुठंच नाही."

शहादेव बायकोकडे वळले. "ऐक, भिमे. बावीस हंगाम मोळ्या तू वाहिल्या आन् वहीत नाव शहादेव. लोकं इचारायचे, कोयता कुणाचा? तर शहादेवचा. मला बी कवा सुचलं न्हाई की हिचं बी नाव लिव्हा म्हनावं. ह्या कागदावर एकलीचं नाव आलंय. त्ये तू माघारी दिलंस तर मी बी विमानात बसत न्हाई. उचल."

"आन् गुडघा?"

"गुडघा माझा हाय. तू तुझं बघ."

भिमाबाईंनी मला उचललं. घट्ट धरलं.

खुर्ची कसली, पलंगच होता तो. भिमाबाई मात्र काठावर टेकून बसल्या. वहाणा खाली नीट जोडून ठेवल्या. डोळे सारखे मागच्या पडद्याकडे. तेवढ्यात विमानातली सेविका वाकून हिंदीत म्हणाली, आंघोळ करणार का? त्या विमानात पहिल्या वर्गाला चक्क न्हाणीघर होतं. माणशी पाच मिनिटं गरम पाणी.

भिमाबाईंना आधी थट्टा वाटली. गावात टँकर आठव्या दिवशी यायचा. दूध संस्थेच्या गाई चारा छावणीत, संस्थेतल्याच दगडाबाईच्या भरवशावर सोडलेल्या. आंघोळ एका तांब्यात उरकायची आणि अंगावरून गळालेलं पाणी परातीत धरून शेवग्याला घालायचं. तरी त्या गेल्या. मला आरशापाशी पालथं ठेवलं, ते बरंच केलं. एका मिनिटात त्यांनीच पाणी बंद केलं. बाहेर आल्या तेव्हा डोळे भरलेले होते.

"अजून चार मिनिटं शिल्लक आहेत," सेविका म्हणाली.

"तो वो चार मिनट का पानी पीछू दे देव," भिमाबाई म्हणाल्या. "हमारे मालक बैठे हैं. तेंतालीस नंबर."

पाणी काही मागे पाठवता येत नाही. पण सेविकेनं गरम पाण्यातून पिळलेले चार टॉवेल तबकात घेतले आणि भिमाबाईंना म्हणाली, चला. शहादेव वाटेत पाय पसरून बसले होते आणि ढकलगाडी आली की दोन्ही हातांनी पाय उचलून आत घेत होते. गुडघ्यावर गरम टॉवेल पडला तसे त्यांनी डोळे मिटले.

"कुठनं आनलंस गं?"

"माझ्या पान्यातलं हाय. तुमचा वाटा."

मग भिमाबाई पुढे आल्या, पाय वर घेतले आणि दुबई येईपर्यंत गाढ झोपल्या. मी त्यांच्या मुठीत होतो. इतकं सुख मला पुन्हा मिळालं नाही, आणि मिळायला हवं असंही वाटत नाही.

माझ्या भावाची गत काय झाली म्हणता? शहादेवांनी त्याच्यात तंबाखूची पुडी बांधली. गेला बिचारा. मी मात्र दूध संस्थेच्या सभेत हातोहात फिरलो. भिमाबाई तिथल्या अध्यक्ष. कोपऱ्यावर दुधाचा डाग पडलाय, तो तिथला.

पण आमची छपाई कच्ची. बीडच्या उन्हाळ्यापुढे टिकत नाही. परवा पेटी उघडली तेव्हा पहिल्यांदा शहादेवांच्याच ध्यानात आलं. "भिमे, तुझं नाव चाललं की गं!" लंगडत जाऊन त्यांनी बॉलपेन आणलं. संस्थेच्या कागदांवर सही करता यावी म्हणून भिमाबाई पन्नाशीत लिहायला शिकल्या होत्या. त्यांनी मला मांडीवर घेऊन, एकेक अक्षर दाबून लिहिलं, भिमाबाई.

शहादेव वाकून बघत होते. "बाजूला जागा हाय. माझं बी टाक की."

भिमाबाईंनी चष्म्यावरून पाहिलं. "तुमचं बावीस हंगाम लिव्हलंय मुकादमानं. बसा गुमान."

आणि दोघंही हसत सुटले.

आता मी पुन्हा पेटीत आहे. विमान, वर्ग, खुर्चीचा आकडा, सगळं पुसत चाललंय. जाऊ दे, माझी तक्रार नाही. तुमच्या घरात असा एखादा जुना कागद निघाला, तर टाकण्याआधी एवढंच करा, त्याच्यावर नाव कुणाचं आहे ते मोठ्यानं वाचा.